पक्केकाकांच्या गाठी

पक्केकाकांना पक्केकाका का म्हणतात, हे धक्क्यावर कुणाला विचारावं लागत नाही. त्यांच्या खिडकीखालून एकदा गेलं की कळतं. खिडकीच्या आत, बुटक्या स्टुलावर, मांडीवर पांढरं फडकं पसरून काका गळ बांधत बसलेले असतात. नायलॉनच्या दोऱ्याचं टोक गळाच्या नेढ्यातून ओवायचं, उलट वळवून त्याच दोऱ्याभोवती फेरे द्यायचे, टोक पहिल्या फासातून परत आत घालायचं, गाठ ओठांत धरून ओली करायची आणि मग सावकाश, अजिबात न हिसकता, ओढायची. ओढून झाली की काका म्हणतात, "पक्की." मग पुढचा गळ. पुन्हा "पक्की."

आता माणसानं आपल्याच कामाला आपणच शाबासकी द्यावी का, हा वेगळा प्रश्न. पण काकांची गाठ सुटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे बोलणार कोण? आतल्या खोलीत काकू त्या आवाजाच्या तालावर भाजी निवडायच्या. एखादी 'पक्की' यायला उशीर झाला तर त्यांचा हात आपोआप थांबायचा.

काकांनी स्वतः होडी चालवली ती गुडघे 'आता पुरे' म्हणेपर्यंत. मग होडी गेली लेकीकडे. मुलगी कसली होडी चालवतेय, असं म्हणणारे पुष्कळ होते. ते आता तिच्याकडूनच मासे घेतात आणि वर घासाघीसही करतात. जावई मूळचा मोटारसायकली दुरुस्त करणारा. लग्नानंतर तोही होडीवर आला. पाण्याची त्याला भीती वाटते, पण बायकोची त्याहून जास्त वाटते, असं काका म्हणत, आणि जावई हसून मान डोलवत असे. तोंडानं बोलणं त्याला फारसं मानवत नसे.

काकांकडे राहिलं ते गळ बांधायचं काम. एका लांब दोराला अंतराअंतरानं आखूड दोरे लटकवलेले, प्रत्येक दोऱ्याच्या टोकाशी एक गळ आणि गळाच्या जरा वर शिशाची गोळी. असा सगळा पसारा वेटोळं घालून टोपलीत बसवायचा. टोपल्या दोन. एक होडीत असली की दुसरी काकांच्या मांडीशी. होडी परत आली की अदलाबदल. एवढं काम हाताशी होतं म्हणून काका घरात बसूनही होडीवरच होते. ते काम गेलं असतं तर ते नुसते घरात बसले असते.

आणि तीच धास्ती होती. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्याचा पिकायची वाट बघत होता. दोऱ्याचं टोक नेढ्याजवळ आलं की नाहीसं व्हायचं. बोटं सकाळी काकांबरोबर उठत नसत. ती तासाभरानं, कोमट पाण्यात बुडवल्यावर उठत. पांढरं फडकंसुद्धा हौसेनं आलेलं नव्हतं, त्याच्यावर दोरा जरा तरी दिसे म्हणून आलं होतं. फेरे तर काका आता मोजतच नसत, अंगठ्यानं चाचपत. हे सगळं त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांकडे गेले तेव्हासुद्धा डोळ्यांची, बोटांची तक्रार नाही केली. रात्री सारखं लघवीला उठावं लागतं एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी नवी गोळी दिली आणि उठणं थांबलं. चला, एक तरी कुरकुर मिटली, असं काकांनी मनाशी म्हटलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी लेक घरी आली ती उजव्या भुवईवर पट्टी लावून.

"काय गं हे?" काकूंच्या हातातलं भांडं खाली ठेवायचं राहून गेलं.

"काही नाही आई. धक्क्याच्या कठड्यावर आपटले. टाके पडलेत, पण खोल नाही."

"बघून चालावं की जरा!"

"हो ना," लेक म्हणाली. जावयानं टोपली कोपऱ्यात ठेवली आणि छताकडे बघत उभा राहिला. होडी दोन दिवस बंद ठेवणार, परवा पहाटे निघणार, असं ठरलं. काकांनी बांधून ठेवलेली दुसरी टोपली घेऊन दोघं गेली.

पण कठडा काकांच्या ओळखीचा होता. कमरेएवढा उंच. त्याच्यावर माणसाचं पोट आपटेल, फार तर कोपर आपटेल. भुवई आपटायची तर आधी वाकून कठड्याला नमस्कार करावा लागेल. त्यांनी परत आलेली टोपली ओढली आणि एकेक दोरा बोटांतून सोडत गेले. गळ, गळ, गळ, आणि मग एक दोरा आला त्याला गोळी होती, गळ नव्हता.

काकांनी तो खिडकीशी नेला, भिंग लावलं. मासा दोरा तोडतो तेव्हा टोक चावल्यासारखं असतं. खडकानं तोडला तर झिजलेलं असतं. हे टोक दोन्ही प्रकारचं नव्हतं. ते वळलेलं होतं, डुकराच्या शेपटासारखं. असं शेपूट एकाच कारणानं येतं: गाठ दगा देते. लेकीनं मोठा मासा ओढायला घेतला असणार, दोरा ताणून ताणून सतारीची तार झाला असणार, गाठ सुटली असणार आणि दोऱ्यासकट शिशाची गोळी उसळली ती थेट भुवईवर. बोटभर खाली आली असती तर?

त्यांनी तो दोरा गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवला आणि डबी खिशात. आपल्या डोळ्यांपायी पोरीचा डोळा जाणार होता. हे वाक्य एकदा मनात आलं ते दोन दिवस गेलं नाही.

शहाण्या माणसानं तेव्हाच उठून लेकीला सांगायला हवं होतं. पण काकांना वाटलं, एक गाठ चुकली. माणूस आहे, एखादा फेरा कमी पडला असेल. एवढ्यासाठी सांगायचं, मग ती म्हणणार 'बाबा, आता राहू द्या', आणि ती असं इतक्या प्रेमानं म्हणणार की भांडताही येणार नाही. त्यापेक्षा यापुढे डोळ्यांत तेल घालून बांधू. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं काकूंनी सहज 'जेवायला या' म्हटलं तरी काका दचकत होते. तोंडाला सारखी कोरड पडत होती. भीतीनं कोरड पडते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल उन्हाच्या तिरिपेत सरकवलं. बोटं शेकून घेतली. भिंग दोरीनं गळ्यात अडकवलं. एका गाठीला पूर्वी पाच गाठींना लागायचा तेवढा वेळ दिला. फेरे चाचपले, भिंगातून मोजले, पुन्हा चाचपले. गाठ ओठांत धरली, ओढली. पण 'पक्की' म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. आधी खात्री करू, मग म्हणू, असं त्यांनी ठरवलं.

खात्री करायची म्हणून त्यांनी स्टुलावर बादली ठेवली, तिच्यात घरात पडून असलेला होडीचा जुना नांगर घातला, वरून पाणी भरलं. दोऱ्याची एक बाजू बादलीच्या कडीला बांधली, गळ खिडकीच्या गजात अडकवला. मग पायानं स्टूल बाजूला ओढलं.

बादली धाडकन खाली आली. पाणी दारापर्यंत गेलं. काकू धावत आल्या.

"अहो, हे काय? न्हाणीघर तिकडे आहे!"

"तपासतोय."

"काय? बादली?"

"तू जा गं. फरशी मी पुसतो."

"तुम्ही पुसणार! गुडघे विचारलेत का?" असं म्हणत काकूंनी फडकं आणलं, पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून पुढचं गिळलं. सकाळपासून एकदाही 'पक्की' ऐकू आलेली नाही, हे त्यांच्या मघाशीच लक्षात आलं होतं.

काकांनी गाठ पाहिली. कडीकडची शाबूत होती, ती साधी जाड गाठ होती. गळाकडची गेली होती. तसंच वळलेलं शेपूट. त्यांनी दुसरी बांधली, तिसरी बांधली. दोन्ही वेळा बादली खाली आली आणि दोन्ही वेळा काकूंनी न बोलता फरशी पुसली. आता मात्र काकांच्या पाचावर धारण बसली. एखादा फेरा चुकला असता तर समजण्यासारखं होतं. पण फेरे बरोबर होते, भिंगातून मोजलेले होते, टोक ज्या फासातून जायचं त्याच फासातून गेलं होतं. गाठ बरोबर होती आणि तरी टिकत नव्हती. म्हणजे चूक होतेय आणि ती कुठे होतेय हे आपल्याला कळतही नाही. याच्याइतकं वाईट त्यांना आयुष्यात काही वाटलं नव्हतं, वादळातसुद्धा नाही. वादळ निदान दिसतं तरी.

दुपार कलली. काकूंनी त्यांच्यापुढे टोस्ट ठेवला. "चहा ठेवलाय. तोवर हा खा. उपाशीपोटी बादल्या पाडू नये."

काकांनी एक तुकडा तोंडात टाकला. तो टाळूला चिकटला. चावला तर भुसा झाला, गिळवेना. त्यांनी हातानंच पाण्याची खूण केली.

"घ्या!" काकूंनी तांब्या पुढे केला. "ती रात्रीची गोळी सुरू झाल्यापासून हेच चाललंय. कोरडा घास म्हणून उतरत नाही तुमच्या घशाखाली. डॉक्टरांना सांगा म्हणून किती वेळा म्हटलं. पण नाही, कुरकुर केली की माणूस म्हातारा ठरतो ना!"

काका तांब्या हातात धरून बसून राहिले.

"कधीपासून म्हणालीस?"

"गोळी सुरू झाली तेव्हापासून. उशाशी तांब्या कोण ठेवतं रोज? मीच."

काकांनी भिंग उचललं आणि सुटलेल्या टोकाच्या शेपटाऐवजी त्याच्या वरचा दोरा पाहिला. तिथला नायलॉन पांढुरका पडला होता, खरखरीत झाला होता. भाजला होता. कोरडा नायलॉन गाठीत ओढला की स्वतःवरच घासून तापतो, फेरे नीट आवळत नाहीत आणि जिथं सगळ्यांत जास्त जोर लागतो तिथंच कच्चा होतो. म्हणून तर गाठ ओली करायची. होडीवर आलेल्या प्रत्येक नवख्याला काकांनी ऐकवलं होतं, 'कोरडी गाठ म्हणजे उद्याची शिवी.' आणि ते स्वतः गेले कित्येक दिवस गाठ ओठांत धरत होते, रीत सगळी पाळत होते, फक्त तोंडात थुंकीचा टिपूस नव्हता. डोळे संशयात, बोटं संशयात, आणि गुन्हेगार तिसराच. काखेत कळसा नि गावाला वळसा.

त्यांनी अडखळत काकूंना सगळं सांगितलं, भुवईचंही. भुवईचं ऐकताना काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग उठून वाटीत पाणी घेऊन आल्या.

"मग हिच्यात बुडवा की. एवढी मोठी होडी चालवलीत, वाटी सुचली नाही?"

काकांनी गाठ बांधली, वाटीत बुडवली, ओढली. बादली भरली, स्टूल ओढलं. दोरा टण्णकन ताणला, बादली गिरकी घेऊन थांबली आणि लटकत राहिली. काकू हसल्या. काकांच्या ओठांवर 'पक्की' आलीही होती. पण ती तिथंच विरली.

"अगं, दुसरी टोपली."

"कुठली?"

"होडीत आहे ती. तीसुद्धा याच दिवसांत बांधलीय मी. सगळीच्या सगळी कोरडी. आणि पहाटे निघणार ती दोघं."

धक्का घरापासून लांब नव्हता, पण काकांना तो रस्ता त्या संध्याकाळी संपता संपेना. काठी टेकत जाताना त्यांना सारखं वाटत होतं की होडी सुटली असेल. भरती बघून आजच निघाले असतील. लेक उतावळीच आहे, माझ्यावरच गेलीय. होडी जागेवर होती. जावई बर्फाचे तुकडे पेटीत भरत होता. लेक टोपलीपाशी बसून दिव्याची काच पुसत होती. पट्टीभोवती सूज निळी पडली होती.

"बाबा! तुम्ही एवढ्या लांब कशाला? आणि एकटे?"

काकांनी खिशातून चष्म्याची डबी काढली, उघडली आणि तिच्यापुढे धरली.

"ही गाठ कुणाची?"

लेकीनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं घाईघाईनं बर्फात डोकं घातलं.

"मासा फार मोठा होता, बाबा. कुणाचीही गाठ..."

"मी मासा विचारला नाही. गाठ कुणाची?"

"तुमची."

"तुला कधी कळलं?"

"तेव्हाच." ती खाली बघत होती. "शेपूट बघून. तुम्हीच शिकवलंयत."

"आणि तरी ही टोपली घेऊन उद्या निघाली होतीस?"

तिनं दिव्याची काच पुन्हा पुसायला घेतली. मग जावई उठला. त्यानं कोपऱ्यातल्या पिशवीतून एक वस्तू काढून सासऱ्याच्या हातात दिली. काकांनी ती चाचपली. जाड काच, रबराची कड, डोक्यामागून घ्यायचा पट्टा. मोटारसायकल चालवताना धूळ जाऊ नये म्हणून लावतात तो मोठा चष्मा.

"हा लावून ओढणार होती," जावई म्हणाला. "मी नको म्हणत होतो. ऐकत नाही."

काकांनी त्या जाड काचेवरून अंगठा फिरवला. म्हणजे हिला माहीत होतं. गाठी कच्च्या आहेत, गोळी पुन्हा उडेल, हे माहीत असून ही पाण्यावर जाणार होती. कशासाठी? तर बाबांना 'तुमची गाठ सुटली' हे एक वाक्य ऐकावं लागू नये म्हणून. दोन दिवस ते घाबरत होते की आपली बोटं हिचा डोळा घेतील. तो घेणार होती हिची माया, आणि त्यांची मूग गिळून बसायची हौस.

"डोळा गेला असता तर काय करायचं होतं मला तुझं हे मान राखणं?" काका ओरडले. आसपासच्या होड्यांतली माणसं वळून बघायला लागली. "गाढवीण आहेस तू! आणि मी तुझ्याहून मोठा गाढव. दोन दिवस डबी खिशात घेऊन बसलोय."

आणि ते लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. लेकही रडली. पट्टी ओली झाली म्हणून जावयानं रुमाल पुढे केला, तो माशांचा वास मारत होता.

मग काकांनी डॉक्टरांच्या गोळीची, टोस्टची, बादलीची हकिकत सांगितली. लेकीचा चेहरा उजळला.

"म्हणजे डोळ्यांचा काही प्रश्नच नाही! गोळी बदलून घेऊ, झालं."

"डोळ्यांचाही आहे," काका म्हणाले. "दोरा मला दिसत नाही. बोटं सकाळी उठत नाहीत. हे आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय. बस इथं समोर. सुरी घे."

तिघांनी मिळून टोपलीतली एकूणएक गाठ कापली. जावयानं दिवा टांगला. काका पालथ्या पेटीवर बसले, लेक त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून समोर.

"आजपासून बांधणार मी. ओली करणार तू, ओढणार तू. आणि बोलणारही तू. मी तोंड उघडणार नाही."

त्यांनी पहिला गळ ओवला. दोनदा टोक हुकलं, तिसऱ्यांदा गेलं. फेरे दिले, गाठ तिच्या हातात ठेवली. तिनं ती ओठांत धरून ओली केली, सावकाश ओढली, दिव्यापुढे धरली. काकांना गाठ दिसत नव्हती. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"पक्की," ती म्हणाली.

पुढचीही पक्की. त्याच्या पुढचीही. काकांना बरं वाटायला लागलं होतं, आणि त्याचीच त्यांना धास्ती वाटायला लागली होती. पुढच्या गाठीला त्यांचा अंगठा आखडला. एक फेरा दुसऱ्यावर चढला की काय, असा त्यांना संशय आला, पण ते बोलले नाहीत. गाठ तिच्याकडे दिली. तिनं ओली केली, ओढली, दिव्याशी नेली. तिला वेळ लागला.

"बोल."

"चालेल, बाबा."

"चालेल असा शब्द आपल्यात नाही."

"थोडासा फेरा चढलाय फक्त. लहान माशाला..."

"कुठला मासा लागणार हे तू ठरवणार आहेस का?" या वेळी काका ओरडले नाहीत. त्यांनी हात पुढे करून चाचपत चाचपत तिची पट्टी शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं. "'पक्की'च्या उलट मला जन्मात कुणी काही म्हटलेलं नाही. तू म्हण. तू म्हटल्याशिवाय मला इथं बसता येणार नाही."

लेकीनं डोळे पुसले. जावई बर्फ भरायचा थांबला होता. तिनं सुरी उचलली.

"कच्ची," ती म्हणाली आणि गाठ कापून टाकली.

काकांनी मान डोलावली, तोच गळ तिच्या हातातून परत घेतला आणि दोऱ्याचं टोक शोधू लागले.